परतीची मूठ

बोदलकसा
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. वीरूस शामकलादीदीचे पोटभर आशीर्वाद.

काल दिवेलागणीला मला दारात उतरवून तू चहासुद्धा न घेता गाडी वळवलीस. तुझे भाऊजी तेव्हापासून एकच म्हणताहेत, साळा असावा तर असा. मी फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हं, हं, ठीक आहे दीदी' एवढंच बोलतोस आणि माझं पोट भरत नाही. शिवाय बाबूजींनी लावलेली सवय. तू वसतिगृहात होतास तेव्हा दर रविवारी मला पोस्टकार्ड घेऊन बसवायचे. म्हणायचे, बोललेलं वाऱ्यावर जाते, लिहिलेलं दुसऱ्यांदा वाचता येते. तर हे दुसऱ्यांदा वाच. आणि माय रेणूकडून परत आली की रिंकूला सांग, सासूला मोठ्यानं वाचून दाखव.

पन्नाशी उलटली माझी, पण भावानं आपणहून बहिणींना सहलीला नेलं ते पहिल्यांदाच. सासरी सगळ्यांना सांगून झालं. शेजारीण तर म्हणाली, काय मागून राहिला तुमचा भाऊ? मी म्हटलं, तुझ्या भावासारखा नाही तो, काही न मागता देतो.

सकाळी गाडीत बसल्या बसल्या तू सगळ्यांचे मोबाईल गोळा केलेस आणि बंद करून रिंकूच्या पर्समध्ये टाकलेस. "आज फक्त आपण. फोटो मी काढतो." रेणू कुरकुरली, तिला मोबाईलशिवाय घास जात नाही. मला मात्र फार बरं वाटलं. बिरसीबाहेर पडताना शाळेजवळ ती पिवळी जेसीबी रस्त्यात आडवी होती. तू नुसता हात केलास, तर ड्रायव्हरनं सलाम ठोकून बाजूला घेतली. मी रेणूला कोपर मारलं. म्हटलं, बघ, आपल्या वीरूला सगळा गाव मानतो.

कोहमारा गेलं आणि मायची गोष्ट सुरू झाली. नवेगावबांधचं तळं आणि ते डोंगर दिसायचा अवकाश, मायच्या अंगात तिचं माहेर येतं. "कोलू पाटलानं तरा बांधाले घेतला. पार टिकेच ना. आज बांधावं, उद्या फुटावं. मंग साती बहिनी आल्या. दिवसभर टोपल्यानं माती वाहिली. सांजच्याले थकून बसल्या, त बसल्याच. त्यायचेच हे डोंगर झाले." रेणूनं विचारलं, "मंग पाटलानं त्यायले घरी नाई नेलं?" माय म्हणाली, "नेलं असतं त डोंगर कायले झाले असते व?" तू आरशातून पाहून हसलास. तुझा तो हसरा चेहरा मी डोळ्यांत घेऊन आले आहे.

मग अर्थात आपल्या बोडीची गोष्ट. माय नवी नवरी होऊन बिरसीला आली, घरामागे पाण्याचा थेंब नव्हता. बाबूजींनी आणि आजोबांनी एक उन्हाळा खपून बोडी खणली, आणि मायच्या वडिलांनी सायकलवरून मोठ्या तळ्याची मूठभर माती आणून तिच्या तळाशी पसरली. "माही लेक तिथं, तर तऱ्याची लेक बी तिथंच." म्हणून बोडीचं माहेर नवेगाव. म्हणून चार-दोन वर्षांनी तिची मूठभर माती माहेरी न्यायची आणि तिथली मूठभर परत आणून तिच्यात सोडायची. लेक माहेरी गेली, भेटली, आली. बाबूजी होते तोवर हे कधी चुकलं नाही. ते गेल्यावर कोणाला सवड झाली? आणि तू आदल्या दिवशी आपणहून म्हणालास, "माय, बोडीची माती बांधून घेजो, तिले भेटवून आणू." मायचा चेहरा मी तेव्हा पाहिला. वीरू, तुला शंभर वर्षं आयुष्य लाभो.

तळ्याच्या पाळीवर आम्ही तिघींनी एकेक मूठ ठेवली. मी जरा जास्तच मोठी घेतली होती, अर्धी साडीवर सांडली. तू फोटो काढत होतास. मग माय वाकून परतीची मूठ घ्यायला गेली, तर तू म्हणालास, "नको माय, आता इथून काही उचलू देत नाहीत. गार्ड पाहून राहिला." माय तुझ्याकडे पाहत राहिली. मग "बरं" म्हणाली. मला जरा चुकल्यासारखं झालं, पण नियम तो नियम. पुढच्या वेळी दोन मुठी आणू. आपण बोटीकडे निघालो तेव्हा माय चपलेचा चिखल धुते म्हणून मागे राहिली, आणि बोटीत सगळा वेळ गप्प बसली होती. पाण्याची भीती असेल. ह्या वयात असतेच.

तुझा मोबाईल तेवढा चालू. सारखा पळसाखाली जाऊन बोलत होतास. "हां भाई, शाम तक निपटा दो. बाद में रोना नहीं." धानाचा सौदा असणार. बिचाऱ्याला एक दिवस धंदा सोडत नाही, असं मी रिंकूला म्हटलं, तर ती पुऱ्या मोजत बसली. तिचं डोकं दुखत होतं वाटतं. लाखोरीच्या डाळीचे वडे मात्र तिनं झकास केले होते, तिला सांग.

प्रतापगडला यात्रा नुकतीच उलगडली होती, दुकानवाले ताडपत्र्या गुंडाळत होते. माय खाली बसली आणि आपण चढलो. तू एका अंगाला दर्ग्यावर चादर चढवलीस, दुसऱ्या अंगाला महादेवापुढे नारळ फोडलास आणि डोळे मिटून इतका वेळ उभा राहिलास की मी चिडवलं, "काय गा, सरपंच व्हायचं आहे काय?" तू डोळे उघडलेस ते ओले होते. बाबूजींची आठवण आली असेल. मी मुद्दाम विचारलं नाही.

मायला तू रेणूकडे गोंदियातच ठेवलंस, डोळे तपासायला. तेवढा फेरा घेऊन मला इथवर आणून सोडलंस. पोटचा पोरगा करतो ते सगळं करतोस. राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजल्या सोडायला आम्ही दोघी बोडीवर येऊ, टोपलीतले गव्हाचे कोंब यंदा मी जरा जास्तच पेरणार आहे.

भावाच्या लाडानं फुगलेली,
शामकलादीदी


बोदलकसा
गुरुवार, ६ मार्च

वीरेंद्र,

माझं सोमवारचं पत्र तुझ्या हाती पडलं असेल. फाडून टाक. नको, फाडू नको. रोज एकदा वाच.

मंगळवारी सुखरामचा फोन आला. त्याचं वावर आपल्या बोडीला लागून, त्याचा तोच राग. "बाई, तुमच्या बोडीचं सारं पानी माह्या लाखोरीत घुसलं. आयतवारी किती फोन केले तुमाले. बंदच. पार तोडाची होती त एक डाव सांगाचं तरी." मी म्हटलं, सुखरामभाऊ, पाळ फुटली असेल. तो म्हणाला, "फुटली? जेसीबीनं फुटत असते काय?"

मी काल बिरसीला आले होते. तू नव्हतास. होतास, पण मागच्या दारानं गेलास, तुझी चप्पल समोरच पडली होती.

पाळ मधोमध कापलेली. तळाच्या गाळात मासे उलथे पडलेले, कावळे ओढून नेत होते. त्याच्यावर टिप्परनं मुरूम टाकायला सुरुवात झाली आहे. ज्या धोंड्यावर बसून माय दात घासायची, जिथे बाबूजींनी आपल्या तिघांना पोहायला शिकवलं, तो धोंडा जेसीबीनं बाजूला लोटला आहे. मी तिथे उभी राहून वेड्यासारखी पाणी शोधत होते.

रिंकूनं चहा ठेवला. तिची मान वर होत नव्हती. मी काही विचारायच्या आधीच बोलली, "दीदी, मी म्हटलं होतं यायले, मायले सांगून करा म्हणून. नाई आयकलं. लॉन बांधाचा आहे. लग्नाचा." मग रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.

तर असा हिशेब. मोबाईल पर्समध्ये, म्हणजे सुखरामचा फोन लागू नये. माय रेणूकडे, म्हणजे तिनं जेसीबीपुढे आडवं पडू नये. मला थेट दारात सोडलंस, म्हणजे मी रात्रीला बिरसीला मुक्काम करू नये. पळसाखालचा तो धानाचा सौदा. 'शाम तक निपटा दो.' आणि मी तुला शंभर वर्षांचं आयुष्य मागत होते!

बाबूजींच्या तेराव्यानंतर आम्ही दोघी बहिणींनी जमिनीवरची सही तुला दिली. तू मागायच्या आधी दिली. तोंडानं एकच म्हटलं होतं, बोडी राहू दे, आमचं माहेर तेवढंच. तू म्हणालास, "दीदी, बोडीले हात लावीन त बाबूजीची आन." मला ती शपथ तशी लक्षातही नव्हती रे. भावाची शपथ कोण लक्षात ठेवतं?

पण लॉनही मी गिळला असता. जमीन तुझी, पोट तुझं. भांडले असते, चार महिने अबोला धरला असता, मग आले असते. जे गिळवत नाही ते वेगळं आहे.

मामाच्या गावी त्यांची बोडी बुजवून शाळेची खोली बांधायची ठरली, तेव्हा मामानं काय केलं होतं, आठव. तू त्याच्यासोबत गेला होतास, हट्टानं सायकलच्या दांडीवर बसून. मामानं आधी घरच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. मामी रडली, आजी दोन दिवस जेवली नाही. मग बोडीची माती मोठ्या तळ्यावर नेऊन ठेवली आणि परतीची मूठ आणली नाही. लेक कायमची माहेरी पोचवली. आता ह्या घरी तिचं काही नाही, तिचा शाप नाही, आणि आपलं पाप नाही. तू घरी येऊन मला हे सगळं सांगितलं होतंस, तुला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

म्हणजे तुला रीत ठाऊक होती. 'गार्ड पाहून राहिला.' कुठला गार्ड? एक म्हातारा काठीनं बकऱ्या हाकत होता तिथे.

तू आमच्या हातांनी बोडीला निरोप दिलास. मायच्या हातानं. तिला वाटलं, लेकीला भेटवून आणते आहे, आणि ती तिला कायमची पोचवून आली. आम्ही हसत होतो. तू फोटो काढत होतास. पाप लागू नये म्हणून तू आम्हांला पुढे केलंस. मांडीवर मान ठेवली आणि तू केसानं गळा कापलास, वीरू.

आता नीट वाच. माय रविवारी रेणूकडून घरी येईल. तिला तू सांगायचं. रिंकूनं नाही, शेजाऱ्यानं नाही, हे पत्र वाचून नाही. तिच्यासमोर खाली बसून, तुझ्या तोंडानं सांगायचं की माय, बोडी मी मोडली आणि तुझ्या हातून मी तिला धाडली. मला माफी नको, वाटा नको, बोडी तर आता येतच नाही. एवढंच पाहिजे. मायनं स्वतःला दोष देत मरू नये.

शामकला


बोदलकसा
सोमवार, २४ मार्च

वीरेंद्र,

माझ्या पत्राला तू मोबाईलवर दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. ते कोणाला जोडलेत? मला की जेसीबीला?

काल माय फोनवर बोलली. आवाज असा, की पलीकडे कोणी दुसरीच बाई असावी. मी विचारलं, वीरूनं सांगितलं? म्हणाली, "रिंकूनं सांगतलं. पार उंदरायनं पोखरली होती, फुटली म्हने." मी म्हटलं, आणि मुरूम? तोही उंदरांनी टाकला? तर म्हणाली, "वीरू म्हने, माय, तूच त तिले माहेरी ठेवून आली. गेली मंग ते. आता खाली गड्डा कायले ठेवाचा." मग म्हणाली, "हव बाई. माती त मीच ठेवली."

तू असं म्हणालास? खरंच म्हणालास? मी रेणूला विचारलं, तिलाही माय हेच बोलली आहे.

मी तुला लहानपणी चोरून आंबे खाताना पकडलं आहे, शाळा बुडवताना पकडलं आहे. मार खायची वेळ आली की तू माझ्या नाहीतर रेणूच्या मागे लपायचास आणि आम्ही पाठ पुढे करायचो. आमचंच चुकलं. तुला सवय झाली. आता चाळिशी ओलांडून तू ऐंशी वर्षांच्या मायच्या मागे लपलास.

रोज सकाळी ती अजून तिथेच जाऊन बसते, रिंकू सांगत होती. मुरमावर. कामावरच्या माणसांनी तिला प्लास्टिकची खुर्ची दिली आहे. तुला ते रोज दिसत असेल. तुझ्या न्हाणीच्या खिडकीतून सरळ दिसतं.

मी अजूनही एकच मागते आहे. जा तिच्याजवळ. दोन वाक्यं आहेत.

शामकला


बोदलकसा
सोमवार, २ जून

वीरेंद्र,

पत्रिका मिळाली. 'धुरपता लॉन.' सोनेरी अक्षरांत मायचं नाव, खाली कमळं आणि त्याखाली 'आईच्या आशीर्वादाने'. माय वाचू शकत नाही हे तुझ्या फारच उपयोगी पडलं.

तुझे भाऊजी म्हणाले, जाऊन यावं, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तुम्ही जा, जेवून या, पुऱ्या चांगल्या असतील. तेही येणार नाहीत. स्वभावानं गरीब माणूस, पण एवढं ऐकून ताट सरकवून उठले आणि म्हणाले, "सासूबाईच्या नावानं लॉन, अन् सासूबाई मुरमावर?"

रेणू येणार आहे म्हणे. तिच्या टीनाच्या लग्नाचा मांडव तिथेच, पहिला मान भाचीचा. मला फोनवर म्हणाली, "दीदी, जाऊ दे नं आता. कितीक दिवस धरून बसशील?" म्हणजे तू तिलाही आपल्या बाजूला वळवलंस. साती बहिणींतल्या एकीला तरी पाटलानं घरी नेलं म्हणायचं.

उद्‌घाटनाला फीत मायच्या हातून कापवणार आहेस असं ऐकलं. नको कापवू. तिच्या हातानं तू एक काम करून घेतलंस, तेवढं पुरे. तुझ्याजवळ वेळ आहे अजून. पाहुणे यायच्या आत, सकाळी, ती खुर्चीवर बसली असेल तेव्हा जा. तुला भीती कशाची वाटते तेच मला कळत नाही. मायनं कधी कोणावर हात उगारला आहे? फार तर रडेल. तुला तिचं रडणं बघवत नाही, एवढंच ना? ते तुला बघवावं असं मला वाटतं.

मी येणार नाही.

शामकला


बोदलकसा
सोमवार, ११ ऑगस्ट

वीरेंद्र,

माय माझ्याकडे आहे. शोधाशोध थांबव, पोलिसात जाऊ नको, आणि मला फोनही करू नको. फोन मीच कापते आहे, बिघडलेला नाही.

राखीच्या दिवशी दुपारी एसटी थांब्यावरून एक पोरगी धावत आली, "काकी, तुमची माय आली." मला वाटलं तू घेऊन आलास. खरं सांगते, राखी मी घेऊन ठेवली होती. पाच महिने शिव्या घातल्या, तरी दुकानात गेल्यावर हात राखीकडेच गेला. धावत गेले, तर माय एकटी. हातात पिशवी आणि पायात रिंकूची चप्पल. बिरसीहून गोंदिया, गोंदियाहून तिरोडा, तिथून इथे. ऐंशी वर्षांची बाई, जिला गोंदियाच्या स्टँडवर नळ कुठे आहे ते ठाऊक नाही.

तू ओळखतोस तिला. लेकीच्या घरचं पाणी पिते तर ग्लासाखाली नाणं ठेवून पिते. रेणूकडे राहिली तीही डोळे तपासायला म्हणून; माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, इथे एक रात्र मुक्काम केला नाही. आली आणि म्हणाली, "शामकले, मले राहाचं आहे." तुझ्या भाऊजींनी काही न विचारता खाट अंगणात काढली.

मी तिच्यापाशी बसले. इतक्या महिन्यांचं साचलेलं होतं. म्हटलं, माय, तू दोष घेऊ नको. तुला ठाऊक नव्हतं. वीरूनं तुला फसवलं. परतीची मूठ त्यानं घेऊ दिली नाही, म्हणून तसं झालं. तू नाही धाडली बोडी, त्यानं धाडली. हे सगळं मी सांगायचं नव्हतं, तुझ्यासाठी ठेवलं होतं. पण तू येईनास.

मायनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "मले ठाऊक आहे व."

"कवापासून?"

"तराच्या पारीवरच. मूठ घेऊ देईना, तवाच समजलं. माहेर माहं होय ते. मले गार्ड दाखवते!"

"मंग तवाच बोलली काऊन नाई?"

"तो बोलन म्हणून." तिनं पदर तोंडाशी धरला. "बोटीत वाटलं, आता सांगन. रेणूच्या घरी वाटलं, घेवाले येईन तवा सांगन. मंग रोज सकारी बसत होतो तिथं. खिडकीतून पाहे तो मले. मी म्हनो, आज येईन. मानूस चुकते गा, पोटचा होय, माफ करतो मी. पन यावं त लागते नं जवळ? आज राखीले बी वाट पाहिली. दोन्ही बहिनी नाई घरात, एकला होता. येऊन म्हने, माय, उद्या लॉनवर कार्यक्रम आहे, तू खुर्ची उचलून घेजो."

वीरेंद्र, मी पाच महिने तुला लिहीत होते की मायला खरं सांग. खरं तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. 'माती त मीच ठेवली' असं ती फोनवर मला म्हणाली, तेव्हाही ती तुलाच झाकत होती. ती खरं ऐकायला बसलीच नव्हती त्या खुर्चीवर. तुला जवळ येता यावं म्हणून बसली होती.

मग तिनं कुंकवाची जुनी डबी काढली. आत वाळलेली काळी माती. चपलेचा चिखल धुते म्हणून मागे राहिली होती ना, तेव्हा तिनं पदराला गाठ मारून आणली होती. तुझ्या नाकासमोरून. म्हणजे बोडी माहेरी ठेवून कोणी आलंच नव्हतं. पाच महिने ती तुझ्या घरात होती, मायच्या डबीत. तू जवळ येऊन दोन शब्द बोलला असतास तर तिनं ती तुझ्याच अंगणात सोडली असती, असं माय म्हणाली. अंगणातल्या खड्ड्यातसुद्धा. लॉनच्या कोपऱ्यातसुद्धा.

काल सकाळी तुझ्या भाऊजींनी आमच्या वावराच्या खोलगट कोपऱ्यात, जिथे नाहीतरी पाणी साचतं, चार फावडी माती काढून दिली. मायनं डबी तिथे उलटी केली. पावसाचं गुडघाभर पाणी होतंच. ती म्हणाली, "लहान आहे अजून. होईन मोठी."

मग आम्ही भुजल्या घेऊन बोदलकशाच्या तळ्याच्या पाळीवर गेलो. गावच्या पोरी गात होत्या, मायनेही दोन ओळी म्हटल्या. भुजल्या सोडून झाल्या, पोरी एकमेकींच्या कानात कोंब खोचू लागल्या, आणि मायनं पिशवीतून एक फडकं काढलं. गाठ सोडली. मूठभर लाल माती. मला वाटलं, डबीतलीच थोडी राहिली असेल. पण डबीतली काळी होती.

"हे कोठची व माय?"

"वीरूच्या आंगनातली. तुरशीजवरची. निघताना घेतली."

तिनं ती पाळीवर, पाण्याच्या अगदी काठाला ठेवली आणि हातानं थोपटून सारखी केली, जसं लेकराला थोपटतात. ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आणि ऐकू आलं असतं तरी तुला कळवलं नसतं. मग तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि माझा खांदा धरून पाळ चढू लागली.

मी थांबले. वीरेंद्र, माझा तुझ्यावर इतका राग आहे की तुझं नाव लिहितानाही पेन अडतो, तरी मी थांबले. मी म्हटलं, "माय, परतीची मूठ?"

तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, "नाई घेवाची."

शामकला